वळणावरची माती

त्या मुलखाला जे काही ठाऊक होते ते सगळे एका भिंतीवर लिहिलेले होते, आणि ती भिंत कधी वाळू देत नसत.

डोंगराच्या पायथ्याशी एक सरळसोट कातळ उभा होता. त्यावर मऊ, पिवळसर मातीचा लेप दिलेला असे. ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते नखाने, चोचीने किंवा शिंगाच्या टोकाने त्या ओल्या लेपात लिहावे, दुसऱ्याला ते चुकीचे वाटले तर त्याने ते पुसून नव्याने लिहावे, असा रिवाज होता. कोणत्या झुडपाची फळे खाल्ली की जीव जातो, उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी टिकते, लांडगे कोणत्या अंगाने उतरतात, हे सगळे तिथे वाचायला मिळे. पिलू जन्मले की आई त्याला आधी दूध पाजी आणि मग भिंत दाखवायला आणी. भिंतीने पुष्कळांचे जीव वाचवले असे सगळे म्हणत, आणि ते खरेच होते.

लेपासाठी माती आणायचे काम घुशींचे होते. भिंतीवर काय लिहिले आहे याच्याशी घुशींना काही कर्तव्य नव्हते. जितकी माती मागावी तितकी त्या निमूटपणे आणून पायथ्याशी टाकत आणि तिथे सांडलेले दाणे खाऊन परत जात. माती चिकट आणि चांगली होती. ती कुठून येते हे कोणी कधी विचारले नाही.

भिंतीची राखण खवलोबा नावाचे एक खवलेमांजर करीत असे. मिळालेली माती भिजवायची, लेप सारखा करायचा आणि वाद झाला तर निवाडा द्यायचा, हे त्याचे काम. तो कोणाच्याच बाजूचा नव्हता म्हणून त्याला हे काम दिले होते. वाद फारच पेटला की तो नाक पोटात खुपसून अंगाचे वेटोळे करी आणि खवल्यांचा गोळा होऊन पडून राही. दोन्हीकडची मंडळी ओरडून दमली की हळूच उलगडे आणि लेपावर हात फिरवू लागे. मुलखाने याला समतोलपणा म्हटले. मूग गिळून बसण्याला इतके चांगले नाव क्वचितच मिळते.

भिंतीचे नियम जुने होते, आणि ज्यांनी ते केले त्यांचा हेतू चांगला होता. ज्याचे आपले माणूस एखाद्या गोष्टीत गुंतले असेल त्याने ती गोष्ट लिहू नये. राखणदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले लिहू नये. आणि वादात सापडलेली ओळ टिकवायची असेल तर ती पारावरच्या साळुंकीने आधी सांगितलेली असावी. साळुंकी रोज सकाळी पारावर बसून मुलखाच्या बातम्या सांगे, आणि तिला कोणाशी काही देणेघेणे नाही असे मानले जाई.

आता शर्यतीविषयी सांगायला हवे. गवत पिवळे पडले की उगवतीच्या उतारावरचा एक ससा आणि मावळतीच्या उतारावरचा एक ससा माळावर धावत. चिंचेपासून निघायचे, मोठ्या वळणाला वळसा घालायचा आणि ओढ्याशी पोहोचायचे. धावणाऱ्या सशांना या गोष्टीचे फारसे काही वाटत नसे. शर्यत संपली की दोघे एकाच ओढ्याचे पाणी पीत आणि एकाच माळावर चरायला जात.

ज्यांना वाटायचे ते सगळे न धावणारे होते. उगवतीची सगळ्यांत मोठी कैवारी एक टिटवी होती. उगवतीला तिचे ना घर होते ना अंडे, पण कधीतरी लहानपणी तिने उगवतीचा एक ससा जिंकताना पाहिला होता आणि तेव्हापासून ती उगवतीची झाली होती. मावळतीच्या बाजूने एक खेकडा होता. त्याला सरळ चार पावले टाकता येत नसत, पण मावळतीच्या सशाने वळणावर कोणता पाय आधी टाकायला हवा होता हे तो वर्षभर सांगत राही. टिटवीच्या मागे पळसाचे फूल लावून फिरणारा मोठा जमाव होता, खेकड्यामागे कण्हेरीचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा दोन्ही जमावांचा धर्म होता, आणि तो दोघांनीही सारख्याच निष्ठेने पाळला.

कोण जिंकले हे शेवटी भिंतीवर ठरत असल्यामुळे जमावाला हळूहळू एक सवय लागली. आधी ते माळाकडे तोंड करून बसत. मग शर्यत सुरू झाली की अर्धे जण मान वळवून भिंतीकडे पाहू लागले, कारण दुसऱ्या बाजूने आधीच काही लिहून ठेवले तर? पुढे पुढे सगळेच भिंतीकडे तोंड आणि माळाकडे पाठ करून बसू लागले. शर्यत पाहायला जातो असेच ते घरी सांगून येत.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मावळतीकडून पिंजर धावला आणि उगवतीकडून भरार. वळणापर्यंत पिंजर कानभर पुढे होता. तिथे त्याच्या पायाखालची जमीन खचली. तो मानेवर आत गेला, वरून ढेकळे आणि गवत त्याच्यावर आले, आणि मागून येणारा भरार त्या काठावरून उडी मारून पुढे निघून गेला. माळाकडे तोंड करून बसलेले त्या दिवशी एकच जण होते. ती पिंजरची आई, सावळी.

सावळीने त्याला नखांनी उकरून काढले तेव्हा तो गार झाला होता. तिने तिथल्या तिथे गवत ओढून त्याच्यावर घातले. मग ती भिंतीशी आली आणि रडे आवरत तिने लिहिले, "वळणावरची जमीन आतून पोकळ आहे. पिंजर तिथे गेला. तिथून कोणी धावू नये."

ती ओळ दुपारपर्यंतही टिकली नाही. टिटवीने ती पुसून लिहिले, "पिंजर थकून पडला. भरार जिंकला." खेकड्याने तिचे पुसून लिहिले, "भरारने पिंजरला ढकलले. शर्यत मावळतीची." टिटवीने ते पुसले. खेकड्याने तिचे पुसले. जमिनीच्या पोकळपणाचा दोघांनाही काही उपयोग नव्हता. जमीन पोकळ असेल तर भरारचा विजय निव्वळ नशिबाचा ठरतो, म्हणून टिटवीला ती नको होती. जमीन पोकळ असेल तर भरारने काही गुन्हा केला नाही असे होते, म्हणून खेकड्याला नको होती. त्या वर्षभरात दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

सावळी पुन्हा लिहायला गेली तेव्हा दोन्ही जमावांनी तिला अडवले.

"तू त्याची आई," टिटवी म्हणाली. "तू गुंतलेली आहेस. नियम आहे."

"बाई, तुझ्या दुःखाचा आम्हांला आदर आहे," खेकडा म्हणाला. तो तिच्याच बाजूचा होता, म्हणून आवाज मऊ होता. "पण तू अशी पोकळ-बिकळ लिहायला लागलीस तर त्या भरारला मोकळं रान मिळतं. जरा आपल्या माणसांचा विचार कर."

"माझं माणूस खड्ड्यात आहे," सावळी म्हणाली.

ती खवलोबाकडे गेली. दुपारच्या वेळी तो माती भिजवत बसला होता. त्याने तिचे सगळे ऐकून घेतले. तो वाईट प्राणी नव्हता, आणि ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते हे खरे आहे.

"सावळीबाई, तुमची ओळ मी ठेवली तर उद्या प्रत्येक आई येईल," तो म्हणाला. "साळुंकीने पारावर सांगितलं की मग बघा. मग ती ओळ कोणाचा बापही पुसणार नाही."

सावळी पारावर गेली. साळुंकीने पिसे साफ करता करता विचारले, "हे भिंतीवर आहे का?"

"होतं. पुसलं."

"मग कसं सांगू, बाई? भिंतीवर नसलेलं सांगितलं तर मला खोटारडी म्हणतील. तू ते आधी भिंतीवर टिकव, मी दुसऱ्याच सकाळी सांगते. माझा शब्द आहे."

सावळी परत भिंतीशी आली, भिंतीकडून परत पारावर गेली. पुढचे कितीतरी दिवस ती या दोन जागांमध्ये येरझारा घालत होती. वाटेवरचे प्राणी तिला पाहून हळहळत आणि बाजूला होत. दरम्यान साळुंकी सकाळी "पिंजर थकून पडला असे भिंतीवर आहे" असे सांगे, टिटवी "साळुंकी म्हणते" असे म्हणून तीच ओळ पुन्हा लिही, आणि संध्याकाळी खेकडा आपली ओळ लिही की दुसऱ्या सकाळी साळुंकी ती सांगे. भिंत आणि पार यांचा व्यवहार अगदी चोख होता. सावळीचे तेवढे कुठेच बसत नव्हते.

भिंतीवरची ती एक जागा आता दोन्ही जमावांना पुरेना. एका बाजूने भरारच्या आजवरच्या सगळ्या उड्या लिहून काढल्या, तेव्हा दुसरीने पिंजरच्या पणजोबापासून सुरुवात केली. जागेसाठी आजूबाजूचे पुसले जाऊ लागले. झऱ्यांची ओळ गेली. मग विषारी फळांची गेली. त्याच महिन्यात मुंगसाचे एक पिलू तीच फळे खाऊन तडफडून मेले. त्याच्या बापाने भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात ते लिहिले. संध्याकाळपर्यंत तिथे पळसाची फुले काढलेली होती. खवलोबाने ते पाहिले, बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात वर ओरडा सुरू झाला म्हणून तो गोळा झाला.

सारखे पुसल्यामुळे लेप झिजत होता. पूर्वी कधीतरी लागणारी माती आता रोज लागू लागली, मग दिवसातून अनेकदा. "माती आणा!" ही हाक मुलखात पाखरांच्या आवाजाइतकी नेहमीची झाली. घुशींनी आपली सगळी भावकी बोलावून घेतली आणि त्यांची रांग दिवसभर हलत राहिली.

पावसाळा सरला आणि गवत पुन्हा पिवळे पडू लागले, तेव्हा मावळतीच्या सशांनी नाव सांगितले. चुणी धावणार होती. चुणी सावळीची धाकटी, पिंजरची बहीण, आणि आता सावळीला उरलेले एकच लेकरू.

"तू जायचं नाहीस," सावळी म्हणाली.

"आई, दादा थकून पडला असं लिहिलंय तिथे."

"लिहू दे."

"दादा कधी थकला होता गं?" चुणी म्हणाली. "मी त्या वळणावरून नीट पुढे गेले तर त्यांना ते पुसावं लागेल. आणि नाही पळाले तर लिहितील, सगळं घरच तसलं."

सावळीने तिला समजावले, धमकावले, एकदा रागाच्या भरात पंजाही मारला. मग तिच्या लक्षात आले की पोरीला भिंतीपासून सोडवणे आपल्या हातात नाही. तेव्हा तिने तिला वळणावर नेले आणि गेल्या वर्षी जमीन कुठून कुठपर्यंत खचली होती ते दाखवले. काठावर एक करवंदीचे झुडूप होते. "या झुडपाच्या बाहेरून जायचं," ती म्हणाली. "मागे पडलीस तरी चालेल. बाहेरून." चुणीने आईच्या गळ्याची शपथ घेतली.

त्याच दिवशी भरार सावळीला भेटायला आला. तो उगवतीचा लाडका होता, भिंतीचा अर्धा भाग त्याच्या नावाने भरला होता, पण त्याचे अंग पार उतरले होते.

"मावशी, मला पायाला कळलं होतं," तो म्हणाला. "खाली काही नाही हे. मी उडी मारली ती त्यामुळेच. मी जिंकलो वगैरे काही नाही. तो पुढे होता."

"मग इतके दिवस?"

"घाबरलो," भरार म्हणाला. "आज लिहितो."

त्याने खरेच लिहिले. सगळ्यांसमोर जाऊन, मोठ्या अक्षरांत. "वळण पोकळ आहे. पिंजर पुढे होता. मी जिंकलो नाही." सावळीला वाटले, झाले. ज्याच्यासाठी ते भांडतात तोच सांगतो आहे, आता कोण काय बोलणार?

टिटवीने चोच उघडली आणि आपल्या लाडक्याची ओळ स्वतःच पुसली. "तू गुंतलेला आहेस," ती म्हणाली. "स्वतःच्या विजयाबद्दल स्वतः लिहायचं नसतं." मागून कोणीतरी ओरडले की भरार मावळतीला विकला गेला. दुसरा म्हणाला की तसे नसेल तर त्याने यंदा पुन्हा धावून दाखवावे. तिकडे खेकड्याने लगेच लिहिले, "ढकलल्याची भरारकडून कबुली." भरार दोन्हीकडे पाहत राहिला. संध्याकाळी त्याने आपले नाव दिले, कारण नाव न दिल्यास त्याला उगवतीच्या उतारावर चरू देणार नव्हते.

त्यानंतरच्या एका धुकट सकाळी, सगळे उठण्याआधी, खवलोबा एकटा वळणावर गेला. सावळीचे शब्द त्याला झोपू देत नव्हते. त्याचा जन्म जमीन उकरण्यात गेला होता. त्याने नाक जमिनीला लावले, नखाने एक ढेकूळ उचकटले आणि त्या फटीतून आत हुंगले. खाली मोठी, गार, रिकामी जागा होती. करवंदीच्या झुडपाच्या खूप पुढेपर्यंत ती पसरली होती. आणि तिच्यातून एक वास येत होता. तो त्याच्या ओळखीचा होता. रोज काम संपल्यावर त्याच्या स्वतःच्या नखांना तोच वास येत असे.

तो बराच वेळ तिथे बसून राहिला. मग परत आला. वाटेत सावळी उभी होती. तिने त्याच्या नाकाला लागलेली पिवळी माती पाहिली.

"जाऊन आलात?"

"आलो."

"मग? खरं आहे ना माझं?"

खवलोबाने नाकावरची माती पुसली. "राखणदाराने पाहिलेलं धरत नाहीत, बाई," तो शेवटी म्हणाला.

"धरत नाहीत ते त्यांच्यापाशी. मला सांगा. करवंदीच्या बाहेरून गेली तर माझी पोर वाचेल का? एवढंच सांगा."

ते सांगायचे तर बाकीचेही सांगावे लागणार होते. पोकळी झुडपापाशी थांबत नाही, वाढते आहे, आणि कशाने वाढते आहे. मग माती थांबली असती. माती थांबली की भिंत वाळली असती, आणि भिंत वाळली की राखणदाराला कोण विचारतो? हे सगळे त्याच्या डोळ्यांतून एकामागून एक गेलेले सावळीने पाहिले, पण तिला ते वाचता आले नाही. तो तिच्यासमोरच हळूहळू आकसला, शेपटी तोंडावर घेतली आणि गोळा झाला. सावळीने त्या खवल्यांवर दोन्ही पंजे आपटले. "अहो उत्तर द्या! अहो खवलोबा!" आतून श्वासाचा आवाज येत होता, एवढेच.

शर्यतीच्या दिवशी उजाडल्यापासून जमाव लोटला. पळसवाले एका अंगाला, कण्हेरवाले दुसऱ्या अंगाला, सगळ्यांची तोंडे भिंतीकडे आणि पाठी माळाकडे. टिटवी आणि खेकडा लेपाला खेटून उभे होते. खवलोबाने सकाळीच जाड थर दिला होता.

सावळी वळणावर जाऊन बसली. धावणारे आले की आडवे व्हायचे, असे तिने ठरवले होते. पण कोणीतरी तिला पाहिले. टिटवीकडचे म्हणाले, ही भरारची वाट अडवायला बसली आहे. खेकड्याकडचे म्हणाले, ही पोरीची धाव मोडणार. दोन्हीकडून एकेक साळिंदर पाठवले गेले. त्यांनी तिला हात लावला नाही. ती दोघे तिला नुसत्या धाकाने मागे हटवत चिंचेच्या सावलीपर्यंत घेऊन गेली आणि काटे फुलवून तिच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. जरा हलले की काटे टोचत.

"माझी पोर आहे ती," सावळी म्हणाली.

"म्हणूनच," एक साळिंदर म्हणाले. ते तसे सभ्य होते.

इशारा झाला. कानामागे कण्हेरीचे फूल खोचलेली चुणी आणि भरार निघाले. जमावात आरोळी उठली, पण ती धावण्यासाठी नव्हती. भिंतीवर टिटवीने भरारचे नाव लिहायला घेतले होते आणि खेकड्याने तिची चोच बाजूला सारली होती. माळावर दोघे अंगाला अंग लावून येत होते. वळण जवळ आले तशी सावळीने काट्यांची पर्वा न करता मान वर काढली आणि जीव खाऊन ओरडली, "बाहेरून! चुणे, बाहेरून!"

चुणीने ऐकले. भरारनेही ऐकले, त्याने चुणीला खांद्याने बाहेर ढकलले आणि स्वतः तिच्या मागोमाग वळला. करवंदीचे झुडूप डावीकडे सोडून दोघे लांबून निघाले. सावळीने सुटकेचा श्वास सोडला. गेल्या वर्षीचा खड्डा गेल्या वर्षीएवढाच राहिला असता तर दोघे त्या दिवशी ओढ्यावर पाणी प्यायले असते.

जमीन आवाज न करता गेली. आधी चुणीखालची, मग भरारखालची, मग झुडपासकट त्या दोघांमागची सगळी. धूळ उठली आणि खाली बसली. माळावर वळणच राहिले नाही.

साळिंदरांनी ते पाहिले आणि त्यांचे काटे आपोआप मिटले. सावळी धावत गेली. तिने खूप उकरले. खाली खोली फार होती आणि कडेची माती पुन्हा पुन्हा आत ओघळत होती. तिची नखे तुटली. शेवटी ती तशीच मातीने माखलेली उठली आणि मदतीसाठी भिंतीकडे आली, कारण मुलूख सगळा तिथेच होता.

तिथे तोपर्यंत भरार जिंकून झाला होता. त्यावर चुणी जिंकून झाली होती. त्यावर पुन्हा भरार. सावळी गर्दीतून वाट काढत पुढे आली तेव्हा तिचे रूप पाहून आवाज हळूहळू थांबले. टिटवी खाली उतरली. खेकड्याने नांगी लेपातून काढली.

"दोघं गेली," सावळी म्हणाली. "जमीन सगळी गेली. चला, उकरायला चला. कदाचित अजून..."

पुढच्या रांगेत कोणीतरी मान खाली घातली. कोणी एक पाऊल माळाच्या दिशेने टाकलेही असेल. खवलोबा त्या वेळी उलगडलेला होता आणि त्याच्या ओठांवर काहीतरी आले होते.

मग खेकडा हळू आवाजात म्हणाला, "बाई, वाईट झालं. फार वाईट झालं. पण तू तिथे होतीस, म्हणून विचारतो. पडताना पुढे कोण होतं?"

"ती गुंतलेली आहे!" टिटवी किंचाळली. "तिचं धरायचं नाही!" आणि ती भिंतीकडे झेपावली. दोन्ही जमाव एकाच वेळी तिच्यामागे लोटले. सावळी त्यांच्या पायांखाली आली, कशीबशी बाजूला झाली. एकाने लिहिले, चार जणांनी पुसले. बघता बघता सकाळचा जाड थर संपून खालचा काळा कातळ दिसू लागला, आणि कातळावर नख उमटत नाही.

"माती!" सगळीकडून ओरडा उठला. "माती आणा! माती!"

घुशी निघाल्या. त्या लगेच परत आल्या, कारण आज त्यांना खोल जावे लागले नव्हते; माती आपोआप सुटून पडलेली होती. त्यांनी ढीग पायथ्याशी टाकला आणि दाणे वेचू लागल्या. खवलोबाने खाली पाहून मातीत पंजे घातले. जन्मभर केलेले काम हात करीतच राहिले. त्याने ती भिजवली, थापली, कातळावर पसरली आणि सारखी करू लागला. एका जागी लेप सारखा होईना. त्याने पुन्हा हात फिरवला. तिथे मातीतून तपकिरी, मऊ लव वर येत होती, आणि तिच्यात कण्हेरीचे एक चुरगळलेले फूल होते. खवलोबाचा हात थांबला.

खेकड्याला जागा हवी होती. लव अक्षरांच्या आड येत होती, म्हणून त्याने ती नांगीने उपटून बाजूला टाकली आणि लिहायला लागला, "चुणी पुढे होती."

सावळीने ती लव उचलून छातीशी धरली. ती उभी राहिली तेव्हा तिला जमिनीवर घुशींच्या पावलांचा पिवळा माग दिसला. तो भिंतीच्या पायथ्यापासून निघाला होता. त्या एका वर्षात तो घासून घासून पायवाटेएवढा रुंद झाला होता, आणि कुठेही न वळता सरळ माळाच्या वळणापर्यंत गेला होता. ती त्या वाटेवर उभी असतानाच मागे पुन्हा हाक उठली, आणि घुशींची रांग तिच्या दोन्ही पायांमधून माती आणायला निघाली.